‘करून राहिला’पासून ‘इज डूइंग’पर्यंत : सहावी ते आठवीच्या मुलांचा इंग्रजी व्याकरण आणि वाचनाचा सराव

मराठी माध्यमातल्या सातवीच्या मुलाला क्रियापदाच्या रिकाम्या जागा भरायला द्या. बऱ्याचशा बरोबर येतात. त्यालाच ‘काल शाळेत काय झालं ते इंग्रजीत पाच ओळींत लिही’ म्हणा, की पहिल्याच ओळीत ‘यस्टरडे आय हॅव गो’ असं काहीतरी उतरतं. नियम पाठ असतो, पण तो चालत्या वाक्यात कुठे बसतो हे मुलानं पाहिलेलं नसतं. व्याकरणाचा तास वेगळा, धड्याचा तास वेगळा, आणि दोघांची गाठ पडते ती थेट परीक्षेत.

म्हणून इथे व्याकरण उताऱ्यातूनच काढायचं आहे, आणि प्रत्येक वाक्य मूल घरी जे बोलतं त्या मराठीशी ताडून पाहायचं आहे. नागपुरात घरची मराठी म्हणजे ‘काय करून राहिला?’ आणि ‘शाळेत जाऊन राहिली’. ही रूपं अशुद्ध म्हणून मुलांना टोकलं जातं. इंग्रजीचे काळ शिकवताना मात्र त्यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. कसं, ते पुढे येईल.

या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. वहीत ती मुलानं इंग्रजी लिपीतच, नीट स्पेलिंगसह लिहायची.

सामान आणि वेळ

शंभर पानी दोन वह्या, एक साधी पेन्सिल, लाल आणि निळी अशा दोन रंगीत पेन्सिली आणि सेकंद काटा दिसणारं घड्याळ. मोबाइलमधलं घड्याळ शक्यतो नको, कारण तो हातात आला की चाळीस मिनिटांतली दहा तिथेच जातात. एक वही सरावाची, दुसरी चुकांची.

आठवड्यातून पाच दिवस, रोज ४० मिनिटं. एक उतारा दोन दिवस पुरवायचा : सोमवार-मंगळवार पहिला, बुधवार-गुरुवार दुसरा, आणि शुक्रवारी दोन्हींवर गाळलेल्या जागा. शनिवार-रविवार सुट्टी द्या. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी हा या सरावाचा चांगला काळ आहे. पण मे महिन्यात तो सकाळी सातच्या आतबाहेर करा. दुपारी दोनला, कूलरच्या घरघरीत, मूल मोठ्यानं वाचू शकत नाही आणि तुम्हाला त्याचे उच्चार ऐकू येत नाहीत.

उतारा निवडताना

सहावी-सातवीसाठी ४० ते ८० शब्दांचा उतारा, आठवीसाठी १२० पर्यंत. मूल पहिल्यांदा वाचत असताना न कळलेल्या शब्दाखाली टिंब द्यायला सांगा. शंभर शब्दांत दोन-तीन टिंबं आली तर उतारा त्याला एकट्याला झेपेल. पाचपर्यंत आली तर तुम्ही शेजारी बसा. त्याहून जास्त आली तर उतारा बदला. अवघड उताऱ्यावर मूल शब्दांचे अर्थ शोधण्यातच दमतं, आणि वाक्याच्या रचनेकडे बघायला त्याच्याकडे ताकदच उरत नाही.

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सातवीच्या मुलाला पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक द्या. यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, त्यामुळे सातवीपर्यंत सुटे शब्द मुलांकडे बरेच साठलेले असतात. कच्चे असतात ते शब्दांमधले सांधे, आणि ते ओळखीच्या शब्दांतच नीट दिसतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर एकच गोष्ट इंग्रजीत आणि मराठीतही सापडते, पातळीनुसार लावलेली. आपल्याला पहिली आणि दुसरी पातळी पुरे. आठवीचं मूल तयार झालं की १९११ पासून निघणाऱ्या ‘द हितवाद’ या इंग्रजी वर्तमानपत्रातली हवामानाची किंवा शहरातल्या कार्यक्रमाची छोटी बातमी चालते. अग्रलेखाला इतक्यात हात लावू नका.

चीनमधल्या सातवी ते नववीच्या मुलांसाठी बनवलेले इंग्रजीचे सराव संचही नेटवर मिळतात, आणि स्वस्तात पडतात म्हणून काही जण ते छापून आणतात. ते निवडून वापरा. चिनी भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही. ‘काल’ हा शब्द आला की काम भागतं. बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चारही एकच असतो. म्हणून त्या संचांत ‘ही-शी’ आणि साध्या भूतकाळाचा भडिमार असतो. आपल्या मुलाला ‘गेला-गेली’ जन्मापासून येतं, त्यामुळे ती पानं गाळली तरी चालतील. उलट चिनी वाक्यात क्रियापद इंग्रजीसारखं मधे येतं, आपल्याकडे शेवटी. शब्दक्रमाचा सराव आपल्या मुलाला जास्त लागतो आणि तो या संचांत कमी सापडतो. ‘अ’ आणि ‘द’ मात्र त्यांच्याकडेही नाहीत, आपल्याकडेही नाहीत. ती पानं जरूर घ्या.

एक उतारा, जवळून

खालचा उतारा ४६ शब्दांचा आहे.

‘माय आंट सेल्स ऑरेंजेस इन इतवारी. एव्हरी मॉर्निंग शी गोज टू कळमना मार्केट ॲट फाइव्ह. यस्टरडे शी बॉट टू क्रेट्स. वन क्रेट वॉज बॅड, सो शी टुक इट बॅक. द ट्रेडर गेव्ह हर अ न्यू वन. टुडे शी इज सेलिंग देम फॉर सिक्स्टी रुपीज अ डझन.’

पहिली तीन मिनिटं मूल मनात वाचेल, दोनदा. अर्थ सांगू नका, शब्दकोशही उघडू नका. टिंबं दिलेल्या शब्दांचा अंदाज त्यालाच करू द्या. ‘ट्रेडर’ अडला तर विचारा : क्रेट खराब निघाला की माणूस कोणाकडे जातो? उत्तर त्याच्याच तोंडून येतं आणि असा मिळालेला शब्द टिकतो.

पुढची दहा मिनिटं क्रियापदांची. लाल पेन्सिलनं प्रत्येक क्रियापदाखाली रेघ : सेल्स, गोज, बॉट, वॉज, टुक, गेव्ह, इज सेलिंग. सात आली पाहिजेत. ‘इज सेलिंग’ दोन शब्दांचं असलं तरी रेघ एकच, सलग. इथे बहुतेक मुलं ‘सेलिंग’खाली रेघ मारतात आणि ‘इज’ सोडून देतात. पुढे लिहिताना ‘शी सेलिंग’ येतं त्याचं मूळ हेच.

मग सात मिनिटं सर्वनामांची. निळ्या पेन्सिलनं ‘शी’, ‘इट’, ‘हर’, ‘वन’, ‘देम’ यांच्याभोवती गोल करून प्रत्येकापासून त्याच्या मूळ शब्दापर्यंत बाण. ‘इट’चा बाण ‘क्रेट’कडे जातो. ‘न्यू वन’मधल्या ‘वन’चाही क्रेटकडेच जातो, पण ‘वन क्रेट’मधला ‘वन’ म्हणजे आकडा एक. दोन्ही ‘वन’ वेगळे आहेत हे थांबून दाखवा. ‘देम’वर मूल हमखास फसतं. अनेकवचनी नाम मागे शोधत गेलं की आधी ‘क्रेट्स’ भेटतं आणि बाण तिथेच थांबतो. तेव्हा विचारा, डझनाच्या भावानं काय विकतात? क्रेट की संत्री? बाण पहिल्या ओळीतल्या ‘ऑरेंजेस’पर्यंत मागे जातो. उतारा समजणं म्हणजे काय, ते या एका बाणात मुलाला कळतं. म्हणून या सात मिनिटांत घाई करू नका.

त्यानंतर पाच मिनिटं मोठ्यानं वाचन, आणि उरलेली पंधरा मिनिटं पूर्ण उतारा घरच्या मराठीत लिहून काढायचा. तो असा येईल :

‘माझी मावशी इतवारीत संत्री विकते. रोज सकाळी पाच वाजता ती कळमना मार्केटला जाते. काल तिनं दोन क्रेट घेतले. एक क्रेट खराब निघाला, म्हणून तिनं तो वापस केला. व्यापाऱ्यानं तिला नवीन दिला. आज ती साठ रुपये डझननं विकून राहिली.’

हे भाषांतर शुद्धलेखनासाठी तपासू नका. ‘वापस’ खोडून ‘परत’ करू नका. ते दुसऱ्या दिवशीचं हत्यार आहे.

दुसरा दिवस : उलट भाषांतर

इंग्रजी उतारा झाकून ठेवा. समोर फक्त मुलाचं स्वतःचं मराठी. पंधरा मिनिटांत त्यावरून पुन्हा इंग्रजी लिहायचं, मग झाकलेला उतारा उघडून शब्दाला शब्द ताडून पाहायचा.

शेवटच्या दोन ओळी बहुधा अशा उतरतात : ‘ट्रेडर गेव्ह हर न्यू. टुडे शी इज सेलिंग सिक्स्टी रुपीज डझन.’ मूळ ओळींशेजारी ठेवा आणि गळलेले शब्द लाल पेन्सिलनं भरा : ‘द’, ‘अ’, ‘वन’, ‘देम’, ‘फॉर’ आणि पुन्हा ‘अ’. सहा शब्द, सगळे चिमुकले. ‘ट्रेडर’ आणि ‘रुपीज’ यांतलं काही गळलं नाही, कारण ते मराठीतही आहेत. ‘नवीन दिला’ म्हटलं की ‘दिला’तल्या ‘ला’वरूनच आपल्याला क्रेट कळतो, ‘विकून राहिली’ म्हटलं की काय विकते ते सांगावं लागत नाही. मराठीत ही कामं प्रत्यय आणि संदर्भ करतात, इंग्रजीत त्यासाठी सुटा शब्द ठेवावाच लागतो. ‘गेव्ह हर न्यू’ ऐकणारा ‘न्यू काय?’ म्हणून थांबतो.

ताडून पाहण्याचं काम मुलानंच करायचं. तुम्ही चूक दाखवली तर ती तुमची झाली. त्यानं दोन ओळी शेजारी ठेवून शोधली तर पुढच्या उताऱ्यात तो आधीच सावध असतो. एका उताऱ्यातल्या जास्तीत जास्त तीन चुका चुकांच्या वहीत जातील : डावीकडे स्वतःचं वाक्य, उजवीकडे बरोबर वाक्य, खाली मराठीत एका ओळीत कारण. सगळ्याच चुका उतरवायला लावल्या तर वही शिक्षेसारखी वाटते आणि दोन आठवड्यांत हरवते.

काळ : घरच्या बोलीवरून

पुस्तकात बारा काळांचा तक्ता असतो. सहावी-सातवीला त्यातले चार पक्के झाले तरी कोणताही साधा उतारा उलगडतो. मावशीचंच क्रियापद घ्या. ‘विकते’ म्हणजे ‘सेल्स’, रोजचं. ‘विकून राहिली’ म्हणजे ‘इज सेलिंग’, आत्ता चालू असलेलं. ‘विकली’ म्हणजे ‘सोल्ड’. ‘विकून राहिली होती’ म्हणजे ‘वॉज सेलिंग’.

पुस्तकी मराठीत ‘मी शाळेत जातो’ हे रोजच्यालाही चालतं आणि आत्ता निघताना म्हणायलाही चालतं, त्यामुळे ‘आय गो’ की ‘आय ॲम गोइंग’ हा गोंधळ होतो. नागपुरी मुलाच्या तोंडी दोन रूपं स्वच्छ वेगळी आहेत : ‘मी शाळेत जातो’ आणि ‘मी शाळेत जाऊन राहिलो’. त्याला विचारा, ‘हे तू घरी कसं म्हणशील?’ ‘राहिलो-राहिली’ आलं की ‘ॲम, इज, आर’ आणि शेवटी ‘आयएनजी’. तेही दोन तुकडे, हेही दोन तुकडे; ‘राहिली’ टाकली तर वाक्य लंगडतं तसं ‘इज’ टाकलं तर इंग्रजी लंगडतं. ‘इज’ विसरणाऱ्या मुलाला हे एकदा दाखवलं की पुरतं.

एक खड्डा आहे. आपल्याकडे ‘मला दिसून राहिलं’, ‘समजून राहिलं का?’ असंही म्हणतात. त्यावरून ‘आय ॲम सीइंग’, ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ आणि पुढे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ येतं. नो, लाइक, वॉन्ट, अंडरस्टँड, बिलॉन्ग, डोळ्यांना दिसणे या अर्थी सी आणि मालकीचं हॅव, एवढी सात क्रियापदं चुकांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : यांना ‘आयएनजी’ नको. हॅव जेवणाचं असेल तर मात्र चालतं, ‘शी इज हॅविंग लंच’.

दुसरी मोठी चूक ‘हॅज-हॅव’ची. मराठीत ‘मी तो सिनेमा काल पाहिला आहे’ खपून जातं. इंग्रजीत ‘यस्टरडे’, ‘लास्ट संडे’, ‘इन २०२३’ असा संपलेला वेळ वाक्यात असेल तर ‘हॅव सीन’ चालत नाही, फक्त ‘सॉ’. मुलाला सांगायचा नियम असा : आधी वेळेच्या शब्दावर बोट ठेव. तो वेळ संपला असेल तर ‘हॅव’ खोड.

आणि ‘पासून’. ‘आम्ही पाच वर्षांपासून नागपुरात राहतो’चं ‘वी लिव्ह इन नागपूर सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं. इथे दोन चुका आहेत. मराठीचा ‘पासून’ इंग्रजीत दोघांत वाटला जातो : कधीपासून याचं उत्तर असेल तर ‘सिन्स’, किती काळ याचं असेल तर ‘फॉर’. सिन्स २०२१, फॉर फाइव्ह इयर्स. आणि काम तेव्हापासून आजवर चालू आहे म्हणून ‘लिव्ह’ नाही, ‘हॅव लिव्हड’.

एकच ‘एस’

‘शी गोज’ येतं, पण नकारात ‘शी डझन्ट गोज’ आणि भूतकाळात ‘शी डिडन्ट वेन्ट’ येतं. मुलाला दाखवा की एका क्रियापदाच्या गटात काळाची खूण एकदाच लागते. ‘डज’ आलं की ‘गोज’चा ‘एस’ तो स्वतःकडे ओढून घेतो, मागे कोरा ‘गो’ उरतो. ‘डिड’ आला की भूतकाळ त्याच्याकडे गेला, ‘वेन्ट’चा पुन्हा ‘गो’ झाला. पाठ करण्यापेक्षा हे हातानं करू द्या : कागदाच्या चिठ्ठ्यांवर ‘शी’, ‘गो’, ‘एस’, ‘डू’, ‘नॉट’ लिहा आणि ‘एस’ची चिठ्ठी एकच ठेवा. दुसरी नाहीच, त्यामुळे दोनदा लावता येत नाही.

प्रश्न विचारताना मराठीत शब्द हलत नाहीत. ‘ती कुठे जाते’ आणि ‘ती बाजारात जाते’, ‘कुठे’ आपल्या जागी. म्हणून ‘शी इज गोइंग व्हेअर?’ किंवा ‘व्हेअर शी इज गोइंग?’ येतं. आधी उत्तराचं वाक्य लिहा : ‘शी इज गोइंग टू कळमना.’ मग ‘इज’ उचलून पुढे : ‘इज शी गोइंग’. शेवटी ‘टू कळमना’ काढून त्याजागी ‘व्हेअर’, तोही सगळ्यात पुढे. तीन हालचाली, रोज एका वाक्यावर. मदतीचं क्रियापद नसेल तर ‘डू, डज, डिड’ आणावा लागतो. फक्त ‘कोणी?’ विचारताना तो लागत नाही : ‘हू गेव्ह हर अ न्यू क्रेट?’

‘अ’, ‘ॲन’, ‘द’

‘अ’ की ‘ॲन’ हे शिकवताना ‘ए, ई, आय, ओ, यू’ सांगतात आणि मुलं ‘ॲन युनिफॉर्म’, ‘अ आवर’ लिहितात. नियम अक्षराचा नसून आवाजाचा आहे, आणि आवाज लिहून ठेवण्यात आपली लिपी तरबेज आहे. शब्द देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. ‘आवर’ स्वरानं सुरू होतो, ‘ॲन आवर’. ‘युनिफॉर्म’च्या सुरुवातीला ‘य’ आहे, ‘अ युनिफॉर्म’. ‘अम्ब्रेला’ला ‘ॲन’. ‘वन रुपी कॉइन’ला ‘व’ आहे, म्हणून ‘अ’. ‘एमएलए’ला ‘ए’ आहे, म्हणून ‘ॲन एमएलए’.

‘अ’ आणि ‘द’मधला फरक आजीच्या गोष्टीत सापडतो. ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्यांदा ‘एक राजा’, ओळख झाली की ‘तो राजा’. तसं ‘अ किंग’, मग ‘द किंग’. पण आपल्या उताऱ्यात ‘द ट्रेडर’ पहिल्यांदाच आला तरी ‘द’ का? हुशार मूल हे विचारतंच. मराठीत आपण म्हणतो, ‘काल लग्नाला गेलो, नवरदेव एक तास उशिरा आला.’ ‘एक नवरदेव’ कोणी म्हणत नाही. लग्न म्हटलं की नवरदेव आलाच. तसं क्रेट विकत घेतला म्हटलं की विकणारा ठरलेला, म्हणून ‘द’. आणि ‘रुपीज अ डझन’मधला ‘अ’ म्हणजे ‘दर’ : दर डझनाला.

शब्दयोगी अव्ययांच्या याद्या पाठ करण्यात अर्थ नाही. मराठीचा एकच ‘ने’ इंग्रजीत ‘बाय बस’ होतो आणि ‘विथ अ पेन’ही होतो, त्यामुळे जोडी जोडीनंच लक्षात ठेवावी लागते. वेळेपुरतं एवढं पुरे : घड्याळाला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि सालाला ‘इन’.

मोठ्यानं वाचताना

शब्दागणिक थांबणारं मूल ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. म्हणून आधी पेन्सिलनं तिरप्या रेघा मारून वाक्य अर्थाच्या तुकड्यांत तोडा : ‘एव्हरी मॉर्निंग / शी गोज / टू कळमना मार्केट / ॲट फाइव्ह.’ श्वास फक्त रेघेवर. ‘टू’ आणि ‘कळमना’ यांच्यात थांबलं तर पुन्हा. घड्याळ लावा, आपला ४६ शब्दांचा उतारा चौथ्या वाचनाला अर्ध्या मिनिटात, अर्थ न सांडता, यायला हवा. पहिल्या वाचनाला घड्याळ लावू नका, मूल धावतं आणि शेवटचे आवाज गिळतं.

गिळले जातात ते नेमके व्याकरणाचे आवाज. ‘ईडी’चे तीन उच्चार आहेत : ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वॉन्टिड’. वेगळा ‘इड’ फक्त ‘ट’ किंवा ‘ड’नं संपणाऱ्या क्रियापदाला. अनेकवचनाचंही तसंच : ‘कॅट्स’, ‘डॉग्ज’, ‘बसेस’. जे मूल ‘टू क्रेट’ वाचतं तेच ‘टू क्रेट’ लिहितं. कान सुधारला की वहीही सुधारते. गाइडमध्ये ओळीखाली छापलेले देवनागरी उच्चार एखाद्या अडलेल्या शब्दासाठी ठीक, पण मूल संपूर्ण उतारा त्यावरून वाचत असेल तर त्या ओळींवर कागदाची पट्टी ठेवा.

उताऱ्यावरचे प्रश्न

बहुतेक मुलं प्रश्नातला एखादा शब्द घेतात, तोच शब्द उताऱ्यात शोधतात आणि ती ओळ पूर्णविरामापर्यंत उतरवून काढतात. कधीकधी गुणही मिळतात, म्हणून सवय सुटत नाही. तिच्यावर दोन बंधनं घाला : उत्तर आठ शब्दांच्या आत, आणि शेजारी कंसात ओळीचा क्रमांक. ओळीचा क्रमांक लिहायचा म्हणजे पुरावा शोधावा लागतो. आठ शब्द म्हणजे नको ते कापावं लागतं.

प्रश्न तुम्हीच बनवा, चार पुरेत. एक सरळ : ‘व्हेअर डज द आंट सेल ऑरेंजेस?’ एक सर्वनामाचा : ‘देम’ म्हणजे काय? एक जोडून काढायचा : ‘हाउ मेनी गुड क्रेट्स डिड शी हॅव इन द एंड?’ याचं उत्तर ‘टू’, पण ते कुठल्याच एका ओळीत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी ओळ मिळून येतं, म्हणून कंसात तीन क्रमांक. आणि एक प्रश्न असा, ज्याचं उत्तर उताऱ्यात नाहीच : ‘डिड शी पे फॉर द न्यू क्रेट?’ मूल ‘नो’ लिहितं, कारण व्यवहारात तसंच होतं. बरोबर उत्तर : उताऱ्यात दिलेलं नाही. स्वतःचा अंदाज आणि उताऱ्यातली माहिती वेगळी ठेवणं हे आठवीपर्यंत जमायलाच हवं. चूक की बरोबरच्या प्रश्नांत ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘नेव्हर’, ‘ऑल्वेज’ या शब्दांभोवती आधी गोल करायला लावा. वाक्य बहुधा तिथेच खोटं पडतं.

शुक्रवार : गाळलेल्या जागा

ठरावीक अंतरानं शब्द गाळून उतारा पुन्हा भरायला देणं ही रीत १९५३ मध्ये विल्सन टेलर यांनी मांडली, मजकूर वाचकाला किती सोपा आहे हे मोजण्यासाठी. चिनी मुलांच्या इंग्रजी पेपरांत असा उतारा नेहमीचा असतो. आपण तो दोन प्रकारे करायचा.

पहिल्या उताऱ्यात दर सातवा शब्द गाळा. पहिलं वाक्य मात्र अख्खं ठेवा, नाहीतर मुलाला विषयच कळत नाही. इथे अर्थ जमणारा दुसरा शब्द आला तरी बरोबर धरा, ‘मार्केट’च्या जागी ‘बाजार’ सोडून. दुसऱ्या उताऱ्यात फक्त त्या आठवड्यात चुकलेल्या जातीचे शब्द गाळा : चुकांच्या वहीत ‘अ’ आणि ‘द’ जास्त असतील तर तेवढेच. इथे जागा दाखवू नका, टिंबटिंब न ठेवता सलग लिहा, आणि वर सांगा, ‘आठ शब्द हरवले आहेत, शोध.’ कुठे शब्द हवा होता हे ओळखणं हीच खरी अडचण आहे, आणि आखलेली रिकामी जागा ती आधीच सोडवून टाकते.

आठातले सहा मिळाले तर पुढच्या सोमवारी दहा-पंधरा शब्द मोठा उतारा घ्या. चार किंवा पाच मिळाले तर त्याच मापाचे आणखी दोन. तीन किंवा कमी मिळाले तर उतारा तोच ठेवून सोमवारी उलट भाषांतर पुन्हा करा, मुलाचं जुनं मराठी पान समोर ठेवून. बहुतेक वेळा तिथे दिसतं की मराठीतच ‘देम’चा बाण क्रेटकडे गेला होता. तसं असेल तर व्याकरणाला हात लावू नका; निळी पेन्सिल द्या आणि बाणांपासून सुरुवात करा.